दाजींच्या राण्या

तेरहून येणारी सकाळची एस.टी. धाराशिवच्या स्टँडवर लागली, की तिचा कंडक्टर कुणाची भाजीची पिशवी, कुणाचा डबा, कुणाचा निरोप पोचता करत कचेरीपर्यंत चक्कर मारतो. माझ्या टेबलाशी तो दर आठ-पंधरा दिवसांनी यायचा आणि त्याचा निरोप ठरलेला असायचा, "मास्तरांनी विचारलंय, कधी येताय?" माझं उत्तरही ठरलेलं, "येतो म्हणावं." गेल्या महिन्यात तो आला तेव्हा मी फायलीतून डोकंसुद्धा वर न काढता म्हणालो, "येतो म्हणावं." तो हलला नाही. मग हळूच म्हणाला, "सायेब, मास्तर पहाटंच गेले... बाईंनी सांगितलंय, दादाला घेऊनच या. गाडी थांबवलीय." सरकारी गाडी कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशी ती थांबली, आणि माझ्यामुळं खोळंबलेल्या माणसांपैकी एकानंही कुरकूर केली नाही. त्यांतले निम्मे कधी ना कधी मास्तरांच्या हातचा मार खाल्लेले होते.

मास्तर म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ही बहीण, आमची आक्का, जाऊन वीस वर्षं होत आली. बहीण गेली की मेव्हण्याशी नातं पातळ होत जातं, पुढंपुढं लग्नकार्याच्या पत्रिकेपुरतं उरतं. आमचं तसं झालं नाही, याचं श्रेय दाजींच्या दुसऱ्या बायकोला, वत्सलेला. आमच्याकडं रीत अशी, की दुसरीनं पहिलीचं माहेर ते आपलं माहेर मानायचं. बऱ्याच घरांत ती रीत साडीचोळीपुरती असते. वत्सलेनं ती मनापासून पाळली. तिच्या पहिल्या दिवाळीपासून मी तिचा दादा झालो, आणि दर भाऊबीजेला तिच्या पाटावर बसलो. ओवाळून झालं की ती म्हणायची, "आता आक्कांच्या वाटचं," आणि निरांजन पुन्हा एकदा फिरवायची.

आक्काबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. रझाकारांची धामधूम वाढली तेव्हा आम्ही आणि दाजींकडचे सगळे घरांना कुलपं घालून, देव तेवढे पिशवीत घेऊन हद्दीपलीकडं बार्शीला गेलो. तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये चार कुटुंबं राहत होती. आक्काला मुदतीचा ताप आला आणि तो उतरलाच नाही. पुढं पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेलं, माणसं पेढे वाटत आपापल्या गावी परतली. आम्हीही परतलो, एक माणूस कमी. दाजींनी आपल्या घराचं कुलूप काढलं. भिंतीवर लग्नाचा फोटो होता, आक्काचा तेवढा एकच. बंद घरात वाळवी खालून वर चढत गेली होती. चौकट जागेवर, काच जागेवर आणि काचेमागं नुसत्या मातीच्या रेघा. वरच्या कोपऱ्यात दाजींच्या फेट्याचा तुरा तेवढा शिल्लक होता. दाजींनी फोटो उतरवला, झटकला, पुन्हा लावला आणि मग कायमचा उतरवला. त्या दिवशी ते रडले नाहीत. मला मात्र आवरलं नाही, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनीच मला गप्प केलं.

पुढं त्यांची बदली तेरच्या शाळेत झाली. शाळा मराठी झाल्या होत्या. दाजी उर्दूत शिकलेले, 'तारीख' शिकवणारे. आता तोच विषय 'इतिहास' म्हणून शिकवायचा. अकबराबद्दल बोलता बोलता ते मध्येच अडायचे, मराठी शब्द शोधायचे आणि पोरं हसायची. पण तेरचा इतिहास सांगताना त्यांना कुठलीच भाषा अडवत नसे. गावालगत ती टेकाडं आहेत ना, त्यांच्या पोटात एक जुनं शहर आहे, इथलं कापड भडोचला जायचं, तिथून जहाजानं रोमला जायचं, आणि तिकडचं सोनंचांदी इकडं यायचं... हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. मला या जुन्या गोष्टींचा मुळीच षोक नाही. मी महसूल खात्यातला माणूस. जमीन वर कुणाच्या नावावर आहे एवढं मला पुरतं, खाली कोण झोपलंय याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

घरं सारवायला टेकाडाची पांढरी माती आणणाऱ्या एका बाईच्या पाटीत एकदा चांदीचं नाणं निघालं. पावलीएवढं. ते तिनं मास्तरांच्या हातावर ठेवलं. दाजींनी मला निरोप धाडला, 'ताबडतोब ये.' गेलो. त्यांनी ते नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यावर एका बाईचा एका बाजूनं दिसणारा चेहरा होता. मानेवर उतरलेला अंबाडा, किंचित पुढं आलेली हनुवटी, खाली वळलेली पापणी. न्हाऊन आल्यावर उन्हाकडं पाठ करून बसलेल्या बाईसारखी ती दिसत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्का!" दाजींनी माझं मनगट धरलं. "तुलाबी दिसली ना?" म्हणाले. "मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय." मग बराच वेळ आम्ही दोघं आळीपाळीनं ते नाणं बघत बसलो. ती रोमच्या कुठल्याशा बादशहाची राणी होती. पुढं दाजींनी पुण्याच्या एका जाणकारांना पत्र लिहून तिचं नावही मिळवलं. ते नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. आमच्यासाठी ती आक्का होती.

आणि मग दाजींच्या हातून ती चूक झाली. तिला चूक म्हणायलाही मन घेत नाही, कारण केली ती सरळ मनानं.

आक्का गेल्यावर दोन-तीन वर्षांनी आपल्या आईच्या हट्टापुढं मान तुकवून ते दुसरं लग्न करायला तयार झाले. पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी येते, तेव्हा पहिलीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे चांदीच्या लहानशा पत्र्यावर उठवलेला मुखवटा. सणावाराला आधी तिला हळदकुंकू, आधी तिला नैवेद्य, मग घरातलीनं आपलं बघायचं. दाजींच्या आईनं तुळजापूरच्या सोनाराकडं टाक सांगायचा बेत केला. दाजी अडून बसले. "सोनाराच्या टाकाला दोन डोळे आन् एक नाक असतंय. ते कुणाचंबी असतंय. माझ्या घरात तिचाच चेहरा बसंल." त्यांनी ते नाणं पुढं केलं. म्हातारीनं ते उलटसुलट करून पाहिलं. "चांदीचं हाय, बाईमाणूस हाय. बसीव," म्हणाली. गुरुजींनी मंत्र म्हटले, अक्षता टाकल्या, आणि रोमची राणी खंडोबा-भवानीच्या शेजारी आमची आक्का होऊन बसली. मी तिथं हजर होतो. मला ते सगळं फार योग्य वाटलं होतं. नवी येणारी मुलगी पहिल्या दिवसापासून सगळं जाणून असेल, दाजींना काही लपवावं लागणार नाही, असंही वाटलं. पण नाणं जपायचं तर कापसात गुंडाळून डबीत ठेवावं लागतं. देव्हाऱ्यात बसलेल्या नाण्याचा देव होतो. आणि देव घासावे लागतात.

त्यात वत्सला तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरची लेक. देव उजळण्यात तिचा हात धरणारी बाई तेरमध्ये नव्हती. चिंच कोळून लावायची, त्यावर चाळलेली राख, मग रांगोळीची पूड घेऊन नारळाच्या शेंडीनं घासायचं, आणि शेवटी धुवट फडक्यानं पुसून उन्हात मांडायचं. तिचे देव असे लखलखायचे, की शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. आणि सगळ्यात जास्त घासली जायची आक्का. सवतीचा टाक काळा पडला तर बायका काय बोलतील, ही धास्ती एकीकडं, आणि दुसरीकडं खरीखुरी माया. मी एकदा तिला आक्काशी बोलताना ऐकलं होतं. टाक उन्हात ठेवत ती म्हणत होती, "बसा आता निवांत. लई मळला होता बघा."

पहिल्या वर्षी राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं बोथट झाली. पुढं पापणी गेली. दाजी रोज शाळेत जायच्या आधी देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभे राहायचे. वत्सलेला वाटायचं, मास्तर मोठे देवभोळे आहेत. खरं तर ते आज काय गेलं ते बघत असायचे. गावात कुणाकडंही जुनं नाणं निघालं की त्याला चिंच-राख लावू नका म्हणून बजावणारा हा माणूस स्वतःच्या घरात मात्र मुकाट होता. एकदा माझ्यासमोर त्यांनी विषय काढून पाहिला. "त्या टाकाला नुसत्या पाण्यानं धुतलं तर चालंल की."

वत्सला हातातलं काम टाकून उभी राहिली. "म्हंजे? सगळे देव लख्ख आन् आक्का तेवढ्या काळ्या? लोक म्हणतील, सवतीचं करायला हिचे हात दुखत्यात."

"तसं न्हाई. मी काय म्हणतो, हा टाक डबीत ठेवू. तुळजापूरहून दुसरा करून आणतो, जाडजूड."

"बसवलेल्या आक्का उठवायच्या?" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माझं काय चुकलं ते सांगा. घरातनं बाहीर काढण्याजोगं त्यांनी काय केलंय, न्हाईतर म्या काय केलंय?"

दाजी म्हणाले, "काही न्हाई चुकलं. राहू दे." आणि त्यांनी चहा मागितला.

खरं कारण सांगितलं असतं तर ती थांबली असती. पण ते सांगायचं कसं? नदीवर फिरायला गेलो तेव्हा मी त्यांच्यावर चिडलोच. म्हटलं, "सरळ सांगून टाका ना, की तो चेहरा आक्कासारखा आहे." ते पाण्याकडं बघत म्हणाले, "आन् तिनं विचारलं, की मग रोज सकाळी हात जोडून तुमी कुणाला बघता, तर? मी काय सांगू? ही पोरगी माझ्या घरात आलीय, तिनं जायचं कुठं?" त्यांनी दुसरे उपाय करून पाहिले होते. वत्सला माहेरी गेली असताना लाखेवर ठसा घेतला, तर उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत तो पाघळून त्याचा गोळा झाला. धाराशिवच्या फोटोग्राफरकडं नाणं नेलं, तर घासून आरसा झालेल्या चांदीचा फोटो आला नुसता पांढरा ठिपका. वाळवीनं एक फोटो खाल्ला, दुसरा वत्सलेच्या कष्टांनी. हे मी तेव्हा थट्टेनं म्हणालो होतो, आणि दाजीही हसले होते.

मग जे झालं त्यानं उरलीसुरली आशा संपली. वत्सलेचं पहिलं बाळंतपण दिवस भरायच्या आतच झालं, मूल गेलेलंच आलं. दुसरं चार दिवस राहिलं. आळीतल्या बायका कुजबुजायला लागल्या, की पहिलीची नजर आहे, तिचं कुठंतरी कमी पडतंय. बोलणाऱ्यांचं काय जातं! पण वत्सलेनं ते मनाला लावून घेतलं. तोवर ती आक्काला सणावाराला घासायची, आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी घासायला लागली. दात ओठ खाऊन घासायची, घासता घासता हुंदके द्यायची. तिच्या हातांच्या बोटांना चिंचेनं चिरा पडलेल्या मी पाहिल्या आहेत. तिला तिसरं मूल झालंच नाही. त्या घरात एक बाई आपल्या पोरांसाठी चेहरा घासत होती आणि एक पुरुष दाराशी उभा राहून तो चेहरा जाताना बघत होता, आणि दोघांपैकी कुणाचाही दोष नव्हता. देव असलाच तर त्याला या घरात काय दिसत होतं, हे मला कधीतरी त्याला विचारायचंय.

दाजींनी राण्या जमवायला सुरुवात केली ती इथून. त्यांचा हिशेब साधा होता. टाकसाळीत एका साच्याची शेकडो नाणी निघतात. म्हणजे आपल्या राणीची दुसरी प्रत या मुलखात कुठंतरी असलीच पाहिजे. कुणाच्या गळ्यात असेल, कुणाच्या देवात, पोराच्या करदोट्याला. ती मिळाली की आक्का मिळाली. सुट्टी लागली की ते पायी, बैलगाडीनं, मिळेल त्या एस.टी.नं गावं पालथी घालायचे. लोक त्यांना रोमच्या बादशहांची नाणी दाखवायचे तर हे बाजूला सारायचे. हाती लागलेला बादशहा देऊन बदल्यात राणी घ्यायचे. मी चिडवायचो, "दाजी, पहिली गेली, दुसरी आणली. आता रोमच्या आणखी किती आणणार?" वत्सलाही मागं हटायची नाही. दाजी दमून घरात शिरले की विचारायची, "आज किती सवती आणल्या माझ्या?" तंबाखूच्या डब्यात कापूस घालून त्यांनी त्या ठेवल्या होत्या. वेणीवाली, पदरवाली, कुरळ्या केसांची, डोक्यावर मुकुट घातलेली, एक तर अगदी माझ्या सासूसारखी. प्रत्येकीबद्दल दाजी तासभर बोलायचे. डब्याला वत्सलेनं कधी हात लावला नाही. त्या काही देव नव्हत्या.

बेंबळीच्या बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर होतो. एका धनगराच्या म्हातारीच्या गळ्यात मण्यांमध्ये ओवलेलं एक नाणं होतं. दाजी गुडघ्यावर बसून ते न्याहाळायला लागले. म्हातारी हसून म्हणाली, "काय बघतंय रं मास्तर? आमची तुकाई हाय ती."

"आजी, ही तुकाई न्हाई. ही लई लांबची, रोमची राणी हाय."

"आसंल. तिकडं राणी आसंल. हितं आली तवा आमची आई झाली. म्या न्हाय काढायची गळ्यातनं." दाजींनी हात जोडले आणि उठले. ती त्यांना हवी असलेली राणी नव्हतीच. असती तर ते त्या म्हातारीच्या वाड्यावर मेंढरं राखायला राहिले असते.

अशी दहा-बारा वर्षं गेली. त्या काळात आम्ही जागचे न हलता हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो, तिथून महाराष्ट्रात आलो, कचेरीवरच्या पाट्या बदलल्या. देव्हाऱ्यातल्या राणीचं नाक गेलं, ओठ गेले. उरली ती अंबाड्याची पुसट गोलाई, तीही माहीत असणाऱ्यालाच कळणारी. आणि मग उमरग्याच्या एका सराफाचा निरोप आला. हमरस्त्यावरचं गाव, इकडून सोलापूर, तिकडून हैदराबाद, ट्रकवाल्यांच्या मार्फत चारी दिशांची चांदी त्याच्याकडं मोडीत यायची. दाजींनी त्याला पुण्याच्या पत्रातली, नाण्यावरची अक्षरं कागदावर काढून दिली होती, तशा अक्षरांचं काही आलं तर भट्टीत टाकू नको म्हणून. तो गडी शब्दाला जागला. मी रजा काढली. वाटेत दाजी लग्नाला निघालेल्या नवरदेवासारखे दिसत होते. दाढी केलेली, नवी टोपी. म्हणाले, "तू असलास तर बरं. तू तिचा सख्खा भाऊ. तू बघितलंस की माझी तसल्ली होईल."

सराफानं पुडी सोडली. नाणं टाकसाळीतून आज निघाल्यासारखं होतं, कुणी वापरलेलंच नव्हतं. अक्षर न् अक्षर तेच. अंबाडाही तोच, आता त्यातला केस न् केस मोजता येत होता. आणि त्याखाली एक परकी बाई होती. मोठं वाकडं नाक, हनुवटीखाली दुसरी हनुवटी, घट्ट मिटलेले ओठ, नोकरांवर ओरडून ओरडून निबर झालेला चेहरा. दाजींनी ते नाणं उजेडात नेलं, उलटं केलं, सुलटं केलं. सराफाला विचारलं, "दुसरं न्हाई?" तो म्हणाला, "मास्तर, हेच ते. तुमच्याच कागदावरचं."

आम्ही स्टँडवर चहाच्या टपरीत येऊन बसलो. ट्रकांची ये-जा चालली होती. हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं. टेकाडातलं नाणं मुळातच झिजलेलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीच ते कुणाकुणाच्या हातांतून फिरून त्या बाईचा उग्रपणा घासला गेला होता, नाक लहान झालं होतं, ओठ सैल पडले होते, चेहरा मऊ झाला होता. त्या मऊपणात आम्हाला आक्का दिसली. तिथं आक्का कधी नव्हतीच. दाजींनाही ते कळलं असणार, कारण ते एकदम म्हणाले, "जाऊ दे नाण्याचं. तू सांग. तिचं नाक कसं होतं?"

मी आठवायला लागलो. डोळे मिटले. आक्काचा आवाज आला, तिच्या बांगड्या आल्या, मला मारायला उगारलेला पोळपाट आला. नाक आलं नाही. जिथं चेहरा यायचा तिथं ते जुनं नाणं येत होतं. मी म्हणालो, "दाजी, मला नाही आठवत."

"मलाबी न्हाई," ते म्हणाले. चहा तसाच राहिला. मग म्हणाले, "किती वर्षं झाली, मी तिला आठवतोय म्हणून त्या राणीलाच आठवतोय रे..."

परतल्यावर दाजींनी ते नवं नाणं बाकीच्या राण्यांमध्ये टाकलं आणि डब्याचं झाकण लावलं. पुन्हा ते कुठल्या गावाला गेले नाहीत. त्यानंतरची दोन-अडीच वर्षं ते जगले म्हणजे शाळेत गेले आणि घरी आले. एका दसऱ्याला मी तिथं होतो. वत्सलेनं आक्काला उन्हात वाळवून आणून त्यांना दाखवलं, "बघा, कशा निघाल्यात." एक गुळगुळीत चांदीची चकती. दाजी म्हणाले, "छान निघालीय. आता जास्त घासू नको, तुझे हात दुखतील." ती लाजली. तिच्या हातांची चौकशी त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच केली असावी. शेवटीशेवटी त्यांना दम लागायचा. डॉक्टर छातीचं काही बोलले, औषधंही आली. पण माणसाला बरं व्हायचं असावं लागतं. निरोप येत राहिले, मी 'येतो म्हणावं' सांगत राहिलो, आणि जायचो तेव्हा ते माझ्याकडं टक लावून बघत बसायचे. माझ्या चेहऱ्यात ते बहीण शोधत होते, हे मला ठाऊक होतं. मी आमच्या वडिलांवर गेलोय.

तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे गेले. राण्यांच्या डब्याचं काय करायचं ते विचारावं म्हणून मी वत्सलेजवळ बसलो. ती म्हणाली, "शाळेला द्या न्हाईतर नदीत सोडा, मला काय त्यातलं कळत न्हाई." मग म्हणाली, "दादा, एक विचारू? आक्का दिसायला कशा होत्या?"

मी डब्याकडं बघत राहिलो. तिला वाटलं, मला वाईट वाटतंय. म्हणाली, "ह्यांना कधी विचारलं न्हाई. विचारलं असतं तर ह्यांना वाटलं असतं, हिला खुपतंय. पर म्या रोज आक्कांना हातात घ्यायचे, तवा मनात यायचं. आता ह्ये बी गेले. सांगणारे तुमीच उरलाव. सांगा की."

मी सांगायला लागलो. "अंबाडा घालायची, मानेवर उतरलेला. हनुवटी जरा पुढं आलेली. पापणी खाली..." आणि थांबलो, कारण हे वर्णन आक्काचं नव्हतं. वत्सला मात्र मन लावून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत होतं. "आसंच वाटलं हुतं मला," ती म्हणाली. तिला आणखी ऐकायचं होतं. मी तिला आणखी सांगितलं. त्या रोमच्या बाईचा कान कसा होता, मान कशी होती, सगळं सांगितलं.

ती उठून देवघरात गेली. दाजी उभे राहायचे त्या जागी मी उभा राहिलो. तिला स्वतःला आता हळदकुंकू लावायचं नव्हतं, पण सवतीला लावायची मनाई नव्हती. तिनं टाक ताटलीत घेतला, हळद लावली आणि कुंकवाचं बोट टेकवलं. चकतीवर नाक नाही, डोळा नाही, कुठली बाजू वर आणि कुठली खाली हेही मला ओळखता आलं नसतं. तिनं ते बोट जराही न चाचपडता, कपाळ होतं तिथं टेकवलं.